हातावर तारीख नसते

रविवार, ता. १४ ऑक्टोबर

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा डावा गुडघा दुखतो, पण विचारलं की ती उजवा सांगते, कारण डाव्यासाठी डॉक्टरकडे चल असं मी मागेच म्हणून ठेवलंय. तुझी तब्येत कशी आहे हे तू लिहिलं नाहीस. पुढच्या वेळी आधी ते लिहावं, मग बाकीचं. फोनवर मी विचारलं असतं, पण फोनवर आपल्या दोघांनाही बोलता येत नाही. ‘जेवलीस का’ झालं की मी फोन तुझ्या आईकडे देतो, आणि मग तिथेच बसून एका बाजूचं ऐकतो.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्याबद्दल खाली लिहितो. आधी वर्कशॉपची हकीकत.

छापखान्याचा जनरेटर आला होता. छापखानेवाला तोंड पाडून म्हणाला, “दोन ठिकाणी दाखवला. दोघंही म्हणतात, इंजिन उघडावं लागेल.” मी म्हटलं, आधी चालू तर करा. कान दिला. सगळं सुरळीत, पण मधेच एक उचकी. तिसऱ्या सिलिंडरचा नोझल. इंजिन उघडायचं काहीएक कारण नव्हतं. मी म्हणालो, “ऐकलंस?” आणि मागे वळलो. मागे आपला वेल्डर कप घेऊन उभा. म्हणाला, “ऐकलं, उस्ताद. पण मला काय कळणार? मी ठिणग्यांचा माणूस.” मी म्हटलं, तुला कुणी विचारलं होतं?

हल्ली वरून विमान गेलं की मी बाहेर येऊन बघतो, असं हा वेल्डर गावभर सांगत फिरतो. ते खरं नाही. बाहेर मला दुसरंही काम असतं.

वर्कशॉपमधलं तुझं टेबल साफ केलं. व्हाइसला ग्रीस दिलं, दिव्याची वायर बदलली, वर रंगाचे डबे साचले होते ते हलवले. सहजच. हात रिकामे होते म्हणून.

आता तुझ्या पत्राबद्दल. प्रथम एक दुरुस्ती. तू लिहिलंयस, ‘मी बोल्ट पिळले.’ बोल्ट आवळतात. पिळतात ते कपडे. एवढी वर्षं माझ्याजवळ काम करून आणि आता विमानाचं शिकूनही हा शब्द तुझ्या हातून जावा, याचं नवल वाटलं.

जे घडलं ते मला नीट समजलं आहे का, पाहा. तुमच्या हँगरमध्ये शिकायला ठेवलेलं एक खरं इंजिन आहे. त्यावरच्या पंपाचे सहा बोल्ट तुला आवळायचे होते. ते टॉर्क रेंचनेच आवळायचे, म्हणजे जोर किती लागला हे जो पाना स्वतः मोजून दाखवतो त्याने. रेंचसाठी रांग होती. तू साधा पाना घेतलास, आपण इथे करतो तसे हाताच्या अंदाजाने सहाही आवळलेस, आणि कामाच्या कागदावर रेंचचा नंबर टाकावा लागतो म्हणून आठवला तो टाकलास. तो रेंच नेमका त्या दिवशी सकाळीच तपासणीला बाहेर गेला होता. तुमच्या परीक्षक बाईंनी नंबर पाहिला आणि तुला पकडलं. मग दुसऱ्या रेंचने सहाही बोल्ट तपासले. सहाही बरोबर! तरीही तुला इंजिनाला हात लावायची बंदी, आणि सबंध सत्र आता तुझ्या मागून आलेल्या मुलांबरोबर पुन्हा.

आणि वर बाई म्हणाल्या, “हात चांगला आहे तुझा. पण हातावर तारीख नसते.” म्हणजे काय म्हणे, तर प्रत्येक रेंचवर तो कधी तपासला याची तारीख चिकटवलेली असते, हातावर नसते.

वा! फार छान. माझा सरळ प्रश्न आहे: बोल्ट बरोबर होते की नव्हते? होते. मग झालं तर. काम बरोबर, आणि शिक्षा कामाला नाही, पान्याला! ही बाई नाकाने कांदे सोलते आहे. तिने आयुष्यात एखादा गंजलेला बोल्ट तुटू न देता काढला आहे का, ते विचार. मी कुठल्या शाळेत गेलो नाही. पहिलं इंजिन उघडलं तेव्हा ते परत कसं बसवायचं हे सांगायला कुणी नव्हतं, आणि ते बसलं. तो हात तुझ्यात उतरला आहे हे त्यांच्याच मोजमापाने सिद्ध झालं. मी त्या संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहिणार आहे. मजकूर मनात तयार आहे.

तू लिहिलंयस, “बाबा, तुम्ही फक्त ‘ये’ म्हणा, मी बॅग भरते.”

तर ये. इथे तुझ्या हाताला तारीख विचारणारं कुणी नाही. कोणत्या गाडीने येतेस ते आधी कळव. सामान जास्त असेल तर वेल्डरला घेऊन येईन.

बाबा

बुधवार, ता. १७

खारूताई,

वरचं पत्र अजून टाकलेलं नाही. कारण सांगतो, आणि नीट क्रमाने सांगतो.

पाकीट चिकटवणार तोच तुझ्या आईने वाचायला मागितलं. चष्मा लावून, सावकाश, दोनदा वाचलं. मग म्हणाली, “अक्षर सुरेख आहे. सगळं त्या बाईंबद्दल आहे. पोरीबद्दल कुठे आहे?”

मी म्हटलं, “पोरीचा हात बरोबर होता, लिहिलंय की.”

“ते तुमच्या हाताबद्दल झालं.”

मी पत्र परत मागितलं. तिने दिलं नाही. “अहो, इतकी वर्षं तुमच्या हाताचं कौतुक ऐकतेय मी. लग्न ठरवायला आलेल्या मंडळींनाही तुम्ही तेच सांगत होतात. कधी मोजलाय का हो तो हात?”

“मोजायचं काय त्यात? हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“काकण मी घालते. तुम्ही आरसा आणा.”

मला राग आला. म्हटलं, ठीक आहे, आकडेच दाखवतो. संस्थेच्या पत्रातही उपयोगी पडतील. सोमवारी बसच्या डेपोत गेलो. तिथला तो लंबू फोरमन तुला आठवत असेल, दारातून वाकून आत येणारा. त्याच्याकडे काट्याचा टॉर्क रेंच आहे. बोल्ट जरा हलला की त्यावर किती जोर होता ते काटा दाखवतो. लंबूने तो पेटीसकट दिला आणि वर शहाणपणा शिकवला, “आपटू नका. हा पाना नाही, तराजू आहे.” मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून पाने वापरतोय. तो म्हणाला, “म्हणूनच सांगतोय.”

रेंचच्या मुठीजवळ एक बारीक चिठ्ठी होती. कधी तपासला, पुन्हा कधी तपासायचा. मी ती वाचली आणि पेटी उचलून निघालो.

पहिल्यांदा दवाखान्याचा पंप घेतला. तो मी गेल्या मंगळवारी बांधला होता, माल न्यायला अजून कुणी आलं नव्हतं. पंपाबरोबर आलेल्या पुस्तिकेत जो आकडा दिलाय त्यावरच काटा. दुसरा बोल्ट, तोच आकडा. तिसरा, केसभर इकडे. मी वेल्डरला हाक मारली, त्याला उभं करून दाखवलं. तो म्हणाला, “उस्ताद, फ्रेम करून लावा हा हात. खाली उदबत्ती मी लावतो.” आईलाही बोलवणार होतो, पण म्हटलं, सगळं पुरं होऊ दे, मग एकदमच दाखवू.

मग लाँड्रीचा पंप घेतला. हा गुरुवारी दुपारी बांधलेला. पहिल्या बोल्टला काटा आकड्याच्या पुढे गेला. बराच पुढे. वाटलं, रेंच बिघडला. पुन्हा दवाखान्याच्या पंपावर लावून पाहिला, रेंच ठीक. लाँड्रीचे सगळेच बोल्ट तसे, गरजेपेक्षा कितीतरी घट्ट. एक सोडवून हातात घेतला तर त्याची मान ताणून बारीक झाली होती. आणखी थोडे दिवस चालला असता आणि तुटला असता. उसाच्या कांड्यासारखा. तो मी आवळला होता, खारूताई. मी.

त्यानंतर बेकरीचं इंजिन. ते तू गेलीस त्या आठवड्यात बांधलं होतं आणि परवा तेल बदलायला आलं होतं. चाललेल्या इंजिनाचे बोल्ट थोडे सैलावतात, हे मला कुणी शिकवायला नको. तेवढी सूट धरली. तरीही ढिले. दोन तर असे की काटा जेमतेम हलला. मागे तेल गळतंय म्हणून बेकरीवाला आला होता, तेव्हा मी त्यालाच झापलं होतं, तुम्हाला मशीन वापरता येत नाही म्हणून.

मी पेटी बंद केली आणि खाली पायरीवर बसलो. वेल्डर आला, शेजारी बसला. मी म्हटलं, “गुरुवारी मी रागात होतो. त्या बाईचा राग. म्हणून जोर जास्त लागला.”

तो म्हणाला, “राग? उस्ताद, गुरुवारी तुम्ही शीळ घालत होतात.”

“मी?”

“दुपारभर. मला वाटलं, काहीतरी चांगली बातमी आहे. तुम्ही पोरीचं टेबल पुसायला घेतलंत तेव्हा तर मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, ताई परत येतायत बहुतेक.”

तर ते असं आहे. रविवारी मी तुला लिहिलं की टेबल सहज साफ केलं. सहज नव्हे. गुरुवारी तुझं पत्र मी अर्धंच वाचलं होतं. ‘बंदी’ हा शब्द वाचला, ‘परत येते’ वाचलं, पत्र खिशात घातलं आणि फडकं शोधायला गेलो. माझी मुलगी तिकडे खोलीत एकटी बसून रडत लिहिते आहे; कागदावर दोन ठिकाणी शाई पसरली आहे, ते मी नंतर पाहिलं; आणि बाप इकडे शीळ घालत व्हाइसला ग्रीस देतोय. तुझं वाईट झालं त्याचा मला आनंद झाला. हे वाक्य मी चारदा वेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं. दुसरं कुठलंही बरोबर बसत नाही.

म्हणजे तुमच्या बाई चुकल्या नाहीत. हात खोटं बोलत नाही असं मी तुला लहानपणापासून सांगत आलो. बोलतो. म्हणजे खोटं नाही बोलत, पण बोल्टाचं सांगायचं सोडून माझं सांगत बसतो. तू गेलीस तेव्हा ढिला पडला, तू येणार म्हटल्यावर बोल्टाची मान ताणली. आणि मला दोन्ही वेळा वाटलं, बरोबर बसलाय. हेच मला लागलं. चूक होणं एक, पण चूक होताना हाताला ती बरोबर वाटणं!

आता तुझ्या पत्राचा तो भाग, ज्याला मी रविवारी उत्तर दिलं नाही. शेवटी तू लिहिलं होतंस: “रांगेचा कंटाळा आला म्हणून नाही केलं, बाबा. त्या दिवशी घराची फार आठवण येत होती. वाटलं, एकदा तुमच्यासारखं करून बघावं.” ते मी वाचलं होतं. वाचून घडी घातली होती. त्याचं काय करायचं हे मला कळलं नाही, म्हणून बाईंवर तुटून पडलो. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?

तुझे सहाही बोल्ट बरोबर निघाले. आठवणीने भरलेल्या हातानेही बरोबर आवळले, म्हणजे तुझा हात माझ्यापेक्षा चांगला असेल. किंवा त्या दिवशी नशीब बरं होतं. दोन्हीपैकी कोणतं हे तुला माहीत नाही, मला नाही, बाईंना नाही. म्हणूनच तो रेंच. लाँड्रीचा पंप बंद पडला तर दोन दिवस लोकांच्या चादरी धुतल्या जात नाहीत. तू ज्याचे बोल्ट आवळणार आहेस ते बंद पडून चालणार नाही, आणि त्यात बसलेल्या माणसांना तुला त्या दिवशी घराची आठवण येत होती की नव्हती हे कळणार नाही. कळायची गरजही पडू नये.

आणि तो नंबर. त्याबद्दल मी रविवारी अवाक्षर काढलं नाही, कारण काढलं असतं तर बाकीचं लिहिता आलं नसतं. जो पाना हातात घेतला नाही त्याचा नंबर लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. हात बरोबर होता म्हणून ते खरं होत नाही. शिक्षा त्याचीच आहे आणि ती योग्य आहे. तू दुसऱ्या कुणाची मुलगी असतीस तर मी पहिल्या ओळीतच हे लिहिलं असतं. आपला तो बाळ्या!

संस्थेला पत्र पाठवणार नाही. मजकूर चांगला होता, पण असो.

म्हणून मी ‘ये’ म्हणत नाही. लिहायला सोपं आहे, एका अक्षराचं काम. तू खरंच येशील हेही मला माहीत आहे, आणि पंधरा दिवसांत आपण दोघं असे रुळून जाऊ की जणू तू कधी गेलीच नव्हतीस. मी हाक मारीन, तू ओ देशील. वेल्डर तुझ्याशी भांडेल. आई दुपारी दोघांना जेवायला हाका मारून थकेल. हे सगळं मला इतकं हवं आहे की मी आवळतोय ते ढिलं की घट्ट हे मला ओळखता येत नाही. ज्याला ते ओळखता येत नाही त्याच्या शब्दावर बॅग भरू नये.

रविवारचा कागद फाडणार होतो. मग तूच मागे सांगितलेलं आठवलं: तुमच्या कामाच्या कागदावर चुकलेली नोंद खोडायची नसते, खाली काय होतं ते दिसेल अशी एकच रेघ मारायची आणि बरोबर ते पुढे लिहायचं. म्हणून ‘तर ये’ वर एक रेघ मारून तो तसाच पाठवतो आहे. वाच. ते मी लिहिलं होतं, हे तुला माहीत असू दे.

आता करायचं ते सांगतो. बाई यायच्या आधी त्यांच्या दाराशी उभी राहा. रडू नकोस, सबबी सांगू नकोस. ‘नंबर मी खोटा लिहिला, सत्र पुन्हा करते’ एवढंच म्हण. मागून आलेली मुलं हसतील. हसू देत. त्यांच्यातलं एखादं नंतर तुझ्याकडेच विचारायला येईल, तेव्हा शहाणपणा न करता सांग. घराची आठवण येईल त्या दिवशी येऊ दे, पण हातात रेंच असू दे.

माझं एक काम आहे. लंबूचा रेंच परत करायचा आहे, आणि मी स्वतःसाठी एक घ्यायचं ठरवलं आहे. पण निरनिराळ्या मापांच्या बोल्टांना किती जोर लावायचा याचा पुरता तक्ता माझ्याकडे नाही. जे आहे ते अर्धं पाठ, अर्धं अंदाजाचं, आणि अंदाजाची हकीकत तू वर वाचलीस. तुमच्या पुस्तकात तो असेल. उतरवून पाठव, आणि कसा वाचायचा तेही सोप्या शब्दांत लिही. मला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे शिकायची सवय नाही. समजलं नाही तर पुन्हा विचारीन, चिडू नकोस. लाँड्रीचे बोल्ट सगळे बदलले. बेकरीवाल्याकडे उद्या जाऊन माफी मागायची आहे. आई म्हणते, मी बरोबर येते, मला बघायचंय.

या पत्राचं उत्तर लगेच देऊ नकोस. लगेच दिलंस तर त्यात पुन्हा विचारशील, आणि मी काही लोखंडाचा नाही. सत्र सुरू होऊ दे, हाताला काम लागू दे, मग लिही. तोवर मी टपालवाल्याला रोज विचारणार आहे. तो माझा आणि त्याचा प्रश्न.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, आणि तरीही तुला न बोलावणारा,

तुझा बाबा